आधी बैठक, मग श्वास

प्राणायाम शिकण्याची इच्छा झालेला मनुष्य बहुधा नाकापासून सुरुवात करतो. कोणती नाकपुडी आधी मिटायची, किती अंक मोजायचे, श्वास किती वेळ रोखायचा, हे प्रश्न तो पहिल्याच दिवशी विचारतो. बसायचे कसे, हे मात्र तो विचारत नाही. बसणे तर सर्वांनाच येते, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात दहा मिनिटे होण्याच्या आतच गुडघा दुखू लागतो, पाठीला बाक येतो, पायाला मुंग्या येतात आणि लक्ष श्वासावरून उडून पायाकडे जाते. पंधरा दिवसांत अभ्यास सुटतो आणि त्याचा दोष वयाला किंवा प्राणायामाला दिला जातो.

सामायिकाला बसणाऱ्या अनेक श्रावक-श्राविकांचा अनुभव याहून वेगळा नाही. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. सामायिकाच्या बत्तीस दोषांपैकी बारा दोष कायेचे मानले आहेत. अयोग्य रीतीने बसणे, वारंवार आसन बदलणे, विनाकारण भिंतीला टेकणे, हातपाय आखडणे-पसरणे यांचा त्यांत समावेश आहे. साठी ओलांडलेल्या व्यक्तीला हे दोष पाठ असतात, आणि गुडघा मात्र साथ देत नाही. मग काही जण वेदना सोसून बसतात व गुडघ्याचे कायमचे नुकसान करून घेतात. काही जण ‘आता आपल्याने होत नाही’ म्हणून नित्यनेम सोडून देतात. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी बैठक ही स्वतंत्रपणे आणि सावकाश शिकण्याची विद्या आहे, हे प्रथम मान्य करावे लागते.

जमिनीवरून खुर्चीवर

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ भाग. नीरा, वेळवंडी आणि गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या येथील गावांमध्ये माणसाचे निम्मे आयुष्य जमिनीलगत जात असे. स्वयंपाक चुलीपुढे बसून, जेवण पाटावर मांडी घालून, दळण जात्यापाशी एक पाय पसरून, भाजीपाल्याची खुरपणी आणि गाई-म्हशींची धार उकिडवे बसून. देवळात भजनी मंडळी टाळ घेऊन बसली म्हणजे दोन-तीन तास मांडी मोडत नसत; गाण्याबरोबर त्यांचा श्वासही आपोआप दीर्घ होत असे. बाजारपेठेतील व्यापाऱ्याची पेढी म्हणजे गादी, तक्क्या आणि समोर लिहिण्यासाठी ठेवलेले उतरते मेज. दिवसभराचा जमाखर्च मांडी घालूनच लिहिला जाई.

या बसण्या-उठण्यात योगाभ्यासाचा हेतू नव्हता. तरीही त्यामुळे खुब्याचे सांधे मोकळे राहत, घोटे लवचिक राहत आणि आधाराशिवाय पाठ सरळ ठेवण्याची सवय लहानपणीच जडत असे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत हे सारे बदलले. चुलीच्या जागी ओटा आला, पाटाच्या जागी टेबल, पेढीच्या जागी काउंटर, शौचालयात कमोड आणि मंगलकार्यात पंगतीऐवजी उभ्याने जेवण. या प्रत्येक बदलामागे सोय होती आणि वृद्धांना तर तिची गरजच होती. परंतु परिणाम असा झाला की, जमिनीवर बसण्याचे प्रसंग दिवसात जवळजवळ उरले नाहीत. जो सांधा पूर्ण फिरवलाच जात नाही, त्याचे फिरणे हळूहळू कमी होते. वीस वर्षे खुर्चीवर काढलेली व्यक्ती निवृत्तीनंतर एकदम पद्मासनात बसू पाहते, तेव्हा ती शरीराकडे अशी रक्कम मागत असते, जी खात्यात भरलेलीच नाही.

जैन वाचकांना या संदर्भात एक गोष्ट विशेष वाटेल. श्वेतांबर आगमपरंपरेनुसार भगवान महावीरांना ऋजुवालिका नदीच्या तीरी, शालवृक्षाजवळ, गोदोहिका आसनात केवलज्ञान झाले. गोदोहिका म्हणजे गाईची धार काढताना मनुष्य ज्या पद्धतीने बसतो ती बैठक. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवर भल्या पहाटे गोठ्यात जी बैठक आजही पाहायला मिळते, तिचा साधनेच्या परंपरेत एवढा मोठा सन्मान आहे. साधनेची आसने लोकजीवनापासून फार दूर नव्हती, हे यावरून ध्यानात येते.

शास्त्रकारांची अपेक्षा

पतंजलींच्या योगसूत्रांत अष्टांगांपैकी आसन हे तिसरे आणि प्राणायाम हे चौथे अंग आहे. आसनाविषयी त्यांनी अवघी तीन सूत्रे लिहिली. आसन स्थिर असावे आणि सुखकर असावे, प्रयत्न शिथिल झाल्यावर ते सिद्ध होते, आणि सिद्ध झाल्यावर थंडी-उष्णतेसारखी द्वंद्वे साधकाला त्रास देत नाहीत, एवढाच त्यांचा आशय. त्यानंतरच्या सूत्रात प्राणायाम येतो, तोही आसन साधल्यावर करावयाचा म्हणून. पाय कसे गुंफावे याबद्दल सूत्रांत एक शब्दही नाही.

सूत्रांवरील व्यासभाष्यात काही आसनांची नावे दिली आहेत. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन यांच्या पंक्तीत ‘सोपाश्रय’ असे एक नाव येते. त्याचा अर्थ आधारासह बसणे. वाचस्पती मिश्रांनी त्याचा संबंध योगपट्टाशी जोडला आहे. पाठ आणि गुडघे यांभोवती बांधावयाचा हा पट्टा जुन्या शिल्पांतील योगी व तपस्वी यांच्या मूर्तींवर आढळतो. आसनाला आधार घेणे हा आधुनिक काळाचा आळस आहे, असे मानणाऱ्यांनी या एका शब्दाचा विचार करावा.

हठप्रदीपिकेत स्वात्मारामांनी सिद्धासन, पद्मासन, सिंहासन आणि भद्रासन या चार आसनांना श्रेष्ठ म्हटले आणि त्यांतही सिद्धासनाला अग्रस्थान दिले. त्याच ग्रंथात असाही इशारा आहे की, वनातील हिंस्र पशू जसा हळूहळू वश करावा लागतो, तसा श्वासही हळूहळूच वश करावा. घाईने केलेला अभ्यास खोकला, दमा, डोके व कान यांच्या पीडा निर्माण करतो. मराठी वाचकाला हा विषय परका नाही. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात जागा कशी निवडावी, आसन कसे अंथरावे, टाच कोठे ठेवावी, पाठीचा कणा कसा असावा, याचे विस्तृत वर्णन मराठीतच आले आहे.

जैन आचार्यांनीही या विषयाची बारकाईने चिकित्सा केली. आचार्य शुभचंद्रांच्या ज्ञानार्णवात पर्यंक, अर्धपर्यंक, वज्र, वीर, सुख, कमल आणि कायोत्सर्ग अशी आसने सांगितली आहेत. काळाच्या प्रभावाने मनुष्याचे बळ घटले असल्यामुळे पर्यंक आणि कायोत्सर्ग ही दोन आसने आता विशेष योग्य मानली जातात, असेही तेथे नमूद आहे. बाराव्या शतकात गुजरातचा राजा कुमारपाल याच्यासाठी लिहिलेल्या योगशास्त्रात आचार्य हेमचंद्रांनी चौथ्या प्रकाशात आसनांची यादी दिली आणि शेवटी अत्यंत व्यवहार्य निर्णय दिला: ज्या ज्या आसनाने मन स्थिर होते, ते ते आसन ध्यानासाठी स्वीकारावे. पाचव्या प्रकाशात प्राणायामाचे सविस्तर विवेचन केल्यावर सहाव्या प्रकाशात ते असेही सांगतात की, बळाने श्वास कोंडल्यास शरीराला पीडा होते व मन चंचल होते.

वेगवेगळ्या परंपरांतील या ग्रंथकारांचा सूर एकच आहे. आसनाची कसोटी त्याच्या अवघडपणात नसून, त्यात श्वास आणि मन किती निर्वेध राहतात यात आहे.

लोणावळा आणि पुणे

विसाव्या शतकात या विषयाला नवी दिशा देणारे दोन मोठे प्रयत्न पुणे जिल्ह्यातच झाले, याचा भोर-वेल्हेकरांनाही अभिमान वाटावा. पहिला प्रयत्न लोणावळ्याचा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ चा. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले आणि नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योगाचे. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांच्या वेळी शरीराच्या आत काय घडते, हे क्ष-किरण आणि दाबमापक साधनांनी तपासण्याचे काम त्यांनी शंभर वर्षांपूर्वी हाती घेतले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांनी केलेले वर्गीकरण महत्त्वाचे आहे. शरीर घडवणारी आसने आणि ध्यानाची आसने यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. ध्यानाच्या गटात पद्मासन, सिद्धासन, स्वस्तिकासन आणि समासन ही चार आसने ठेवली. या चारही आसनांत दोन गुडघे आणि बैठक मिळून जमिनीवर रुंद त्रिकोणी पाया तयार होतो. त्यावर कणा ताठ राहतो. पोटातील अवयव दबत नाहीत. आणि स्नायूंना फारसे काम उरत नसल्यामुळे शरीराची प्राणवायूची गरजही कमी राहते. श्वास मंद करण्यासाठी याहून अनुकूल स्थिती कोणती असणार?

दुसरा प्रयत्न पुणे शहरातला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले आणि २०१४ मध्ये निधन होईपर्यंत हीच त्यांची कर्मभूमी राहिली. बालपणी क्षय, हिवताप आणि विषमज्वर यांनी त्यांचे शरीर पोखरले होते. त्यामुळे दुर्बल आणि ताठर शरीराच्या अडचणी त्यांना आतून ठाऊक होत्या. घडी केलेली ब्लँकेटे, लोड, पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्ची यांचा आसनांसाठी पद्धतशीर उपयोग त्यांनी रूढ केला. पत्नी रमामणी यांच्या स्मरणार्थ त्यांनी उभारलेली संस्था १९७५ मध्ये सुरू झाली आणि प्राणायामावरील त्यांचा स्वतंत्र ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. आसनांचा पाया पक्का झाल्यावाचून प्राणायामाकडे वळू नये, हा त्यांचा आग्रह होता. नवशिक्यांना ते प्रथम पाठीवर झोपवून, छातीखाली ब्लँकेटची घडी देऊन श्वासाकडे पाहायला शिकवीत. बसून करावयाचा प्राणायाम त्यानंतर.

बैठकीचा आणि श्वासाचा संबंध

श्वसनाचे मुख्य काम छाती व पोट यांच्यामध्ये असलेला घुमटाकार पडदा, म्हणजे श्वासपटल, करते. श्वास घेताना हा पडदा खाली सरकतो आणि फुप्फुसांना जागा मिळते. निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेते व प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. पोक काढून बसल्यावर बरगड्या खाली येतात, पोट दाबले जाते आणि पडद्याला खाली सरकण्यास अडथळा होतो. मग खांदे उचलून वरच्यावर श्वास घेतला जातो. अशा स्थितीत कितीही अंक मोजले तरी श्वास दीर्घ होणे कठीण.

पोक का येतो? बहुतेकांना वाटते की पाठ कमजोर आहे म्हणून. पाठीचा वाटा असतोच. पण मूळ कारण बरेचदा त्याच्या खाली, कटीत असते. मांडी घालण्यासाठी मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीत बाहेरच्या बाजूस वळावे लागते. खुबा ताठ असेल तर गुडघे वर राहतात, कटी मागे कलंडते आणि तिच्यावर उभा असलेला कणाही मागे ओढला जातो. पाया कलला की भिंत कलणारच. अशा वेळी ‘ताठ बसा’ असे सांगून उपयोग होत नाही. दोन मिनिटांत पाठ पुन्हा वाकते.

गुडघ्याचे गणित वेगळे आहे. खुबा हा उखळीत फिरणाऱ्या मुसळासारखा सर्व दिशांना वळू शकणारा सांधा आहे, तर गुडघा मुख्यतः दाराच्या बिजागरीप्रमाणे उघडतो आणि मिटतो. पद्मासनासाठी लागणारे वळण खुब्याने दिले नाही आणि पाऊल हाताने ओढून मांडीवर ठेवले, तर ते वळण गुडघ्याला सोसावे लागते. तेथील कुर्चेच्या चकतीला इजा होऊ शकते. गुडघ्याच्या आतल्या बाजूस तीक्ष्ण कळ आली तर तत्काळ पाय सोडवावा, हा नियम म्हणूनच कधीही मोडू नये. मांडीच्या स्नायूला जाणवणारा ताण आणि सांध्यात उठणारी कळ यांतील फरक साधकाने पहिल्या आठवड्यातच ओळखायला शिकावे.

घरच्या घरी आधार

यावरील उपाय साधा आहे. बैठक उंच करावी. घोंगडी, सतरंजी किंवा जुनी गोधडी यांची तीन-चार इंच जाडीची घट्ट घडी घालावी आणि तिच्या पुढच्या कडेवर बसावे, म्हणजे बैठक घडीवर आणि पाय जमिनीवर राहतील. कटी किंचित पुढे झुकते, गुडघे खाली येतात आणि पाठ फारशा श्रमाशिवाय उभी राहते. घडी पुरेशी आहे की नाही हे ओळखण्याची खूण अशी: गुडघे कटीच्या पातळीला किंवा तिच्या खाली असावेत. ते वर राहत असतील तर आणखी एक घडी वाढवावी. मऊ उशी किंवा फोमची गादी उपयोगाची नाही. ती दबते आणि बैठक डळमळते. अधांतरी राहणाऱ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी द्यावी. सामायिकासाठी वापरले जाणारे लोकरीचे आसन अशा घडीवर अंथरता येते.

आता बैठकींचे प्रकार पाहू.

सुखासन म्हणजे साधी मांडी. प्रत्येक पाऊल विरुद्ध बाजूच्या गुडघ्याखाली येते. नवशिक्यांनी येथूनच सुरुवात करावी आणि रोज पायांची अदलाबदल करावी. एका दिवशी उजवा पाय पुढे, दुसऱ्या दिवशी डावा.

स्वस्तिकासनात पावलांच्या कडा विरुद्ध पायाची मांडी व पोटरी यांच्या मधल्या खोबणीत जातात. सुखासनापेक्षा ही बैठक अधिक स्थिर असते आणि गुडघ्यांवर फारसा भार देत नाही. चाळिशी-पन्नाशीच्या बहुतेक साधकांना दीर्घकाळासाठी हीच बैठक मानवते.

सिद्धासनात एक टाच शिवणीशी आणि दुसरी तिच्या वर, जननेंद्रियाच्या वरच्या बाजूस, येते. ही बैठक जाणकाराकडून समजून घ्यावी.

अर्धपद्मासनात एकच पाऊल मांडीवर असते आणि पद्मासनात दोन्ही. खालच्या कोणत्याही बैठकीत वीस मिनिटे विनासायास बसता येऊ लागल्यावरच यांच्याकडे वळावे. पद्मासन आले नाही म्हणून प्राणायामात काही उणे राहते, असे मुळीच नाही.

वज्रासनात गुडघे दुमडून टाचांवर बसायचे असते. मांडी घालणे ज्यांना जमत नाही, अशा काहींना हे सोपे जाते. घोटे दुखत असल्यास त्यांच्याखाली कापडाची गुंडाळी व बैठकीखाली घडी घ्यावी. मात्र येथे अतिरेक घातक ठरतो. १९७१ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली, ज्याने टाचांवर तासन्‌तास बसल्यामुळे पायाची नस दाबली जाऊन पाऊल वर उचलण्याची शक्ती गमावली होती. मुंग्या येणे ही शरीराची पहिली सूचना आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करणे याला तप म्हणता येत नाही.

राहता राहिली खुर्ची. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तीव्र संधिवात असलेल्यांनी आणि डॉक्टरांनी खाली बसण्यास मनाई केलेल्यांनी निःसंकोच खुर्चीवर बसावे. हात नसलेली, सपाट बैठकीची लाकडी खुर्ची उत्तम. पुढच्या अर्ध्या भागावर बसावे, पाठ टेकू नये, दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकवावेत. ते टेकत नसतील तर पायांखाली पाट ठेवावा. प्राणायामाला लागणाऱ्या सर्व गोष्टी या बैठकीत मिळतात. सामायिकासंबंधी शंका असल्यास आपल्या साधू-साध्वीजींना विचारावे. विनाकारण घेतलेला टेका आणि आजारामुळे घेतलेला आधार यांतील भेद ते नक्कीच समजावून सांगतील.

शिकण्याचा क्रम

बैठक ही आवर्ती ठेवीसारखी असते. एकदम मोठी रक्कम भरण्यापेक्षा ठरलेली लहान रक्कम न चुकता भरणे येथे फलदायी ठरते. रविवारी एक तास बसून आठवडाभर विश्रांती घेणाऱ्यापेक्षा रोज सात मिनिटे बसणाऱ्याची प्रगती अधिक होते.

पहिल्या महिन्यात रोज सकाळी पाच मिनिटे पूर्वतयारी करावी. पाय लांब करून घोट्यांना दोन्ही दिशांनी फिरवणे. दंडासनात पाठ सरळ ठेवून बसणे. दोन्ही तळवे जुळवून, घडीवर बसून, गुडघ्यांना स्वतःच्या भाराने खाली येऊ देणे. पाठीवर झोपून एक घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवणे व ती मांडी हळूच छातीकडे घेणे. गुडघे हाताने दाबू नयेत किंवा जोरजोराने वरखाली हलवू नयेत. त्यानंतर सुखासनात पाच ते सात मिनिटे बसावे. या महिन्यात प्राणायाम करू नये. नुसता येणारा-जाणारा श्वास पाहावा.

दुसऱ्या महिन्यात बैठक दहा ते बारा मिनिटांपर्यंत न्यावी. आता श्वास व उच्छ्वास समान करण्याचा प्रयत्न करता येतो: चार अंक घेताना, चार अंक सोडताना. तिसऱ्या महिन्यात बैठक पंधरा-वीस मिनिटे टिकू लागली म्हणजे उच्छ्वास थोडा लांबवावा. चार अंकांत श्वास घेतला आणि सहा अंकांत सोडला, तर एका श्वासाला साधारण दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. दहा मिनिटांत साठ श्वास होतात. एरवी तेवढ्याच वेळात १२० ते २०० श्वास घेतले जातात, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या अभ्यासाचे महत्त्व कळते. छातीत ओढ लागत असेल किंवा पुढचा श्वास घाईने घ्यावा लागत असेल, तर अंक कमी करावेत.

अनुलोम-विलोम सुरू केल्यावर बैठकीची पुन्हा परीक्षा होते. उजवा हात नाकाशी नेल्यावर काही मिनिटांत उजवा खांदा वर चढतो, मान त्या बाजूला झुकते आणि धड वळते. बसताना सरळ असलेली व्यक्ती दहाव्या मिनिटाला कोयरीच्या आकाराची झालेली असते आणि तिला ते कळतही नाही. म्हणून घरातील कोणाला तरी बाजूने व मागून पाहायला सांगावे. हात दमत असल्यास कोपराखाली लोड किंवा उंच उशी ठेवावी.

संपूर्ण सामायिकाएवढा काळ, म्हणजे ४८ मिनिटे, एकाच बैठकीत बसता येण्यास अनेकांना वर्षही लागू शकते. त्यात कमीपणा मानू नये. उठताना घाई मात्र करू नये. आधी पाय हलकेच लांब करावेत, पोटऱ्या व गुडघे चोळावेत आणि पायात पूर्ण जाणीव आल्यावरच उभे राहावे. बधिर पायावर उभे राहून पडल्याने वृद्धांची हाडे मोडतात.

काही सावधगिरी

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास श्वास रोखण्याचे प्रकार करू नयेत. गरोदर स्त्रियांनीही ते टाळावेत. श्वास रोखण्याचा अभ्यास निरोगी व्यक्तीनेही अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालीच करावा. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. ओल्या किंवा थंड फरशीवर थेट बसू नये. भोर-वेल्ह्याच्या पावसाळ्यात तर जाड अंथरूण आवश्यकच आहे. चलचित्रे पाहून अवघड आसनांचे अनुकरण करणे टाळावे, कारण आपला गुडघा कोठे थांबतो हे पडद्यावरच्या शिक्षकाला दिसत नसते.

पुढच्या पिढीसाठी

आज जी मुले जमिनीवर सहज बसतात, त्यांच्याकडे ही शक्ती जन्मजात आहे. ती टिकवणे हे पुन्हा मिळवण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. त्यासाठी घरात वेगळा वर्ग भरवावा लागत नाही. दिवसातून एक जेवण सर्वांनी मिळून खाली बसून घ्यावे. सायंकाळची प्रार्थना, स्वाध्याय किंवा वर्तमानपत्राचे वाचन सतरंजीवर बसून करावे. २१ जूनच्या योगदिनी शाळांमधून हजारो मुले मांडी घालून बसतात. घरातील एक कोपरा तसाच रोज मोकळा ठेवला तर त्या एका दिवसाला अर्थ येईल. आजी-आजोबांनी घडीवर किंवा खुर्चीवर आणि नातवंडांनी जमिनीवर, पण एकाच वेळी दहा मिनिटे शांत बसावे. मुलांना उपदेशापेक्षा सोबत अधिक शिकवते.

ज्यांनी गुडघ्यामुळे आपला नित्यनेम बाजूला ठेवला आहे, त्यांनी तो पुन्हा सुरू करण्यास हरकत नाही. आचार्य हेमचंद्रांचा निकष समोर ठेवावा: मन स्थिर करील ते आसन आपले. उद्या सकाळी कपाटातील जुनी गोधडी काढावी, तिची घट्ट घडी घालावी आणि तिच्या कडेवर पाच मिनिटे बसून पाहावे. नाक धरण्याची घाई करू नये. पाठ विनासायास उभी राहिली आणि पोट मोकळे झाले की श्वास स्वतःहून लांबू लागतो, आणि तेथून पुढचा अभ्यास सुलभ होतो.